परप्रांतातली कंपनी आणि बोईसरच्या फाटकावरची पाटी

(या भागाचं हे लेखी रूप. बोलतानाचे अडखळे आणि मधला चहा काढून टाकलाय, बाकी बोललो तसंच ठेवलंय.)



गेल्या महिन्यात एका श्रोत्याचा निरोप आला. चार मिनिटांचा आवाजी मेसेज, मागे ग्राइंडरची करकर. गृहस्थ बोईसरचे. फॅब्रिकेशनचा छोटा गाळा चालवतात, आठ-दहा माणसं कामाला. तारापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्यात पाइपलाइन आणि टाक्या बसवायचं काम त्यांना मिळालं. काम देणारी कंपनी गुजरातची, तीच त्या कारखान्याची मुख्य ठेकेदार. काम झालं, माप झालं, सही झाली आणि बिल अडकलं. दिवाळी गेली, होळी गेली, पैसे नाहीत.

आता यात इतिहास कुठे आला? थांबा. या गृहस्थांचा धाकटा भाऊ कॅनडात असतो. त्याची स्वतःची छोटी कंपनी आहे, ओंटारिओत नोंदवलेली. त्याला अल्बर्टात काम मिळालं, तेव्हा तिथे कंपनीची वेगळी नोंदणी करावी लागली. धंदा सुरू केल्यापासून तीस दिवसांच्या आत अर्ज आणि अल्बर्टात राहणाऱ्या एका प्रतिनिधीचं नाव-पत्ता. त्यांच्या कायद्यात अशा कंपनीला 'प्रांताबाहेरची कंपनी' म्हणतात. (आपल्याकडे 'परप्रांतीय' म्हटलं की डोळ्यांसमोर जे येतं, ते कृपया बाजूला ठेवा. इथे माणसांबद्दल नाही, कंपन्यांबद्दल चाललंय.) भावाने फोनवर सांगितलं, "दादा, त्या गुजरातच्या कंपनीने महाराष्ट्रात नोंदणी केलीय का बघ. केली नसेल तर तिचा तिथला धंदाच बेकायदा."

दादांनी शोधलं. महाराष्ट्रात त्या कंपनीची नोंदणी नाही. म्हणून त्यांचा मला प्रश्न: "सर, मग ही कंपनी इथे आलीच कशी? आणि मी तिला पकडू कुठे?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत होतं. भावाचं म्हणणं कॅनडात बरोबर आहे, इथे नाही. पण ते इथे का बरोबर नाही, आणि एके काळी याच पालघरच्या मातीत ते जवळजवळ बरोबर कसं होतं, हे बघायला बसलो आणि पंधरा दिवस गेले.

सुरुवात लांबून करतो. माणूस जन्मतो आईच्या पोटी. कंपनी जन्मते कायद्याच्या पोटी. माणूस हद्द ओलांडून गेला तरी माणूसच राहतो. पण कंपनीला जन्म देणारा कायदा हद्दीपाशी संपतो, मग पलीकडे ती आहे की नाही? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १८३९ साली हा प्रश्न आला होता, जॉर्जियाची एक बँक आणि अलाबामातला व्यवहार. मुख्य न्यायाधीश रॉजर टॅनी यांनी निकाल दिला त्याचा सारांश असा: कंपनीचा मुक्काम तिच्या जन्मराज्यातच असतो. दुसऱ्या राज्यात ती व्यवहार करू शकते, पण ते त्या राज्याच्या सौजन्याने. आणि सौजन्य म्हटलं की अटी आल्या. पुढे अमेरिकेतलं प्रत्येक राज्य शेजारच्या राज्यातल्या कंपनीला कायद्याच्या भाषेत 'परदेशी' म्हणू लागलं. न्यू यॉर्कची कंपनी कॅलिफोर्नियात परदेशी. हे वाक्य लक्षात ठेवा, तारापूरला पोचलो की लागेल.

अटी पुष्कळ होत्या, पण मुख्य अट साधी होती. आमच्या हद्दीतला एक माणूस नेमा, ज्याच्या हातात आम्ही समन्स देऊ शकू. शुल्क, फॉर्म, शिक्के, सगळं नंतरचं. स्थानिक माणसाला दार वाजवायला एक पत्ता हवा, हा त्यातला गाभा.

आपल्याकडे ही कल्पना अगदीच नवी होती असंही नाही. लंडनमध्ये सनद मिळालेली ईस्ट इंडिया कंपनी ही परमुलखातलीच कंपनी. १६७४ च्या जून महिन्यात हेन्री ऑक्झिंडन रायगडावर आला होता, तो राज्याभिषेकाचा सोहळा बघायला म्हणून आपण लक्षात ठेवतो. पण त्याचं खरं काम कलमांचं होतं: राजापूर, दाभोळ, चौल, कल्याण इथे वखारी घालायची परवानगी आणि मालावर अडीच टक्के जकात. नव्या राज्यात धंदा करायचा तर नव्या राजाची मोहर हवी. आजच्या भाषेत नोंदणीच ती. फक्त फॉर्म भरायला गड चढावा लागला.

आता पालघरकडे येऊ.

आज आपण 'पालघर जिल्हा' म्हणतो तो १ ऑगस्ट २०१४ ला झाला, ठाण्यातून निघून. पण शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा काढा. किनाऱ्याची पट्टी, म्हणजे वसई, माहीम, तारापूर, डहाणू, ही ब्रिटिशांच्या ठाणे जिल्ह्यात. पालघर स्टेशनला उतरून मनोर ओलांडून घाट चढलात की जव्हार, मुकणे राजांचं संस्थान. ते ब्रिटिश हिंदुस्थानात मोडत नव्हतं. उत्तरेला गेलात तर दमण आणि नगर हवेली, म्हणजे थेट पोर्तुगाल. धरमपूरचं संस्थान त्याच बाजूला, आणि त्यापुढे नवसारीच्या अंगाला बडोद्याच्या गायकवाडांचा मुलूख. बैलगाडीने दोन-तीन दिवसांत माणूस तीन-चार कायद्यांच्या राज्यांतून जाऊन येई.

कंपन्यांचा कायदा ब्रिटिश हिंदुस्थानात १८५० साली आला. १८५७ मध्ये मर्यादित जबाबदारीचं तत्त्व आलं, म्हणजे कंपनी बुडाली तर भागधारकाचं घर जात नाही. पुढे १८६६, १८८२ आणि मग १९१३ चा मोठा कायदा. पण हे सगळं ब्रिटिश हिंदुस्थानापुरतं. संस्थानांची गोष्ट वेगळी. बडोद्याचे सयाजीराव महाराज असल्या बाबतीत कुणाच्या मागे राहणारे नव्हते. बडोदा संस्थानाचा स्वतःचा कंपनी कायदा होता, १८९७ चा. त्याच कायद्याखाली जुलै १९०८ मध्ये बँक ऑफ बडोदा नोंदवली गेली. दोन वर्षांनी तिने अहमदाबादेत शाखा काढली. आज आपल्याला बडोदा ते अहमदाबाद म्हणजे दोन तासांचा रस्ता वाटतो. त्या वेळी ती बँक हद्द ओलांडून दुसऱ्या कायद्याच्या मुलखात गेली होती.

१९१३ च्या कायद्यात यासाठी एक कलम घातलं, २७७ वं. ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर स्थापन झालेल्या कंपनीने इथे धंद्याची जागा केली, तर तिने रजिस्ट्रारकडे काय द्यायचं ते त्यात आहे. आपल्या घटनापत्रकाची प्रत, संचालकांची यादी आणि इथे राहणाऱ्या, नोटिसा घेऊ शकणाऱ्या माणसाचं नाव-पत्ता. आता 'ब्रिटिश हिंदुस्थानाबाहेर' या शब्दांची गंमत बघा. त्यात लंडन आलं आणि बडोदाही आलं. मुंबईच्या रजिस्ट्रारच्या वहीत विलायतेची कंपनी आणि गायकवाडांची कंपनी एकाच रांगेत उभ्या. जव्हारच्या राजवाड्यासमोर कुणी कंपनी काढली असती आणि पालघर स्टेशनाबाहेर पेढी उघडली असती, तर तीही त्याच रांगेत. बोईसरच्या दादांच्या भावाने जो नियम सांगितला, तो इथे लागू होता तो हा असा. फक्त हद्द गुजरातची नव्हती, जव्हारची होती.

मग ही हद्द पुसली कशी? १९४८ मध्ये जव्हार मुंबई प्रांतात विलीन झालं. १ मे १९४९ ला बडोदा आलं. १९५१ मध्ये उरलेल्या मोठ्या संस्थानी राज्यांनाही केंद्राचे बरेचसे कायदे लावले, त्यात कंपनी कायदाही होता. आणि त्याआधी २६ जानेवारी १९५० ला राज्यघटनेने हा प्रश्न मुळातच निकालात काढला होता. सातव्या परिशिष्टात केंद्राची यादी आहे, तिच्यातल्या ४३ आणि ४४ क्रमांकांच्या नोंदी बघा. व्यापारी कंपन्यांची स्थापना, नियमन आणि विसर्जन हे सगळं केंद्राकडे. १९५६ चा कंपनी कायदा त्याच अधिकारातून आला, आजचा २०१३ चाही. म्हणजे आपल्या देशात कंपनीला जन्म देणारी आई एकच. रजिस्ट्रारची कार्यालयं राज्याराज्यांत आहेत, पण ते केंद्राचेच अधिकारी. अहमदाबादला नोंदवलेली कंपनी बोईसरला येते तेव्हा कायद्याच्या लेखी ती घरातल्या घरात फिरते. बरीच वर्षं अपवाद होता तो जम्मू-काश्मीरचा. तिथे १९५६ चा कायदा लागू व्हायला पुढची बारा वर्षं गेली.

एक अवांतर, पण मला फार आवडलेलं. त्याच ४३ क्रमांकाच्या नोंदीत 'सहकारी संस्था सोडून' असे शब्द आहेत. सहकार राज्याच्या यादीत. म्हणजे सातपाटीच्या मच्छीमारांची सहकारी संस्था ही खऱ्या अर्थाने महाराष्ट्राची लेक. तिला उंबरगावच्या मच्छीमारांना सभासद करून घ्यायचं म्हटलं तर ते राज्याच्या कायद्यात बसत नाही, बहुराज्य सहकारी संस्थांच्या केंद्रीय कायद्याखाली जावं लागतं. कारखानदाराची कंपनी मोकळी आणि कोळ्यांची सोसायटी हद्दीत बांधलेली. कुणी मुद्दाम केलं असं नाही, पण झालंय तसं.

उंबरगावचं नाव निघालंच आहे तर तिथे थोडं थांबू, कारण तिथे माणसं जागची हलली नाहीत, हद्दच हलली. ३० एप्रिल १९६० ला उंबरगाव तालुका मुंबई राज्याच्या ठाणे जिल्ह्यात होता. दुसऱ्या दिवशी, १ मे ला, दोन राज्यं झाली. तालुक्यातली बरीच गावं गुजरातेत गेली, तलासरीकडची महाराष्ट्रात राहिली. आपण महाराष्ट्र दिन म्हणून झेंडे लावतो तो दिवस. पण डहाणूच्या एखाद्या व्यापाऱ्याच्या चोपडीच्या बाजूने तो दिवस बघा.

त्याची कंपनी असेल, तर कंपनी म्हणून काहीच बिघडलं नाही. जन्म केंद्राच्या कायद्याने, तो तसाच. पण विक्रीकर? तो राज्याचा. मुंबई राज्याचा विक्रीकराचा कायदा १९५९ चा, म्हणजे नवाकोरा. गुजरातने पुढे आपला स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला, तोवर दोन्हीकडे हाच चालला. कायदा एक आणि वसूल करणारी सरकारं दोन. काल उंबरगावच्या दुकानात पाठवलेला माल हा राज्यातला व्यवहार होता. आज तोच माल, तोच टेम्पो, तोच रस्ता, पण आता ती आंतरराज्य विक्री, तिला १९५६ चा केंद्रीय विक्रीकर कायदा लागू. पुढे सी फॉर्म आला, फॉर्म वेळेत न आल्याची भांडणं आली, भिलाडच्या नाक्यावरच्या रांगा आल्या. आमच्या लहानपणी अहमदाबाद हायवेने जाताना तिथे ट्रक इतके उभे असायचे की ड्रायव्हर लोक स्टोव्ह पेटवून स्वयंपाक करत. मला ते गाव म्हणजे ट्रकचं गाव आहे असंच वाटायचं.

थोडक्यात, कंपनी कायद्याने पुसलेली हद्द करांनी पुन्हा आखली. हे धरून ठेवा, दादांच्या बिलाची गाठ इथेच आहे.

आता तारापूर.

देशात राज्यांच्या हद्दी कंपनीला अडवत नव्हत्या, पण देशाबाहेरून येणाऱ्या कंपनीचं काय? आणि पालघरच्या किनाऱ्यावर आली ती साधीसुधी कंपनी नव्हती. अणुवीज केंद्रासाठी १९६० मध्ये जगभरातून निविदा मागवल्या. जागा ठरली तारापूर. मुंबईची विजेची भूक दक्षिणेला, गुजरातची उत्तरेला, कोळशाच्या खाणी दोघींपासून लांब, आणि थंड करायला समुद्र. दोन राज्यं नुकतीच वेगळी झालेली आणि त्यांच्या हद्दीजवळ दोघांना वीज देणारं एकच केंद्र. भाभांच्या डोक्यात राजकारण किती आणि विजेचं गणित किती, हा वेगळा भाग होईल.

ऑगस्ट १९६३ मध्ये भारत आणि अमेरिका यांच्यात करार झाला. ८ मे १९६४ ला बांधकामाचा ठेका दिला गेला तो इंटरनॅशनल जनरल इलेक्ट्रिकला, म्हणजे जनरल इलेक्ट्रिकची परदेशातला धंदा बघणारी कंपनी. बांधकामाला बेक्टेल, सॅन फ्रान्सिस्कोची. पैसा मुख्यतः अमेरिकी सरकारच्या कर्जातून. फेब्रुवारी १९६९ मध्ये पहिली अणुभट्टी क्रांतिक झाली, ऑक्टोबरमध्ये व्यापारी वीज सुरू झाली, आणि जानेवारी १९७० मध्ये इंदिरा गांधींनी उद्घाटन केलं. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र.

आता मघाचं वाक्य आठवा. जनरल इलेक्ट्रिकचा जन्म १८९२ चा, न्यू यॉर्क राज्यातला. तिचा अणुभट्ट्या बनवणारा विभाग होता कॅलिफोर्नियात, सॅन होजेला. म्हणजे ज्या कंपनीचे इंजिनिअर चिंचणी-तारापूरच्या वाळूत उतरले, ती कॅलिफोर्नियाच्या कायद्याच्या भाषेत स्वतःच्या देशातही 'परदेशी' होती. आणि इथे बोईसरला कोलकात्याची कंपनी आली असती तर तिला कुणी हा शब्द वापरला नसता. संघराज्य तेही आणि संघराज्य आपणही, पण कंपनीच्या बाबतीत आपण फार वेगळी वाट घेतली.

तेव्हा आपल्याकडे १९५६ च्या कायद्यातली ५९१ ते ६०२ ही कलमं परदेशी कंपन्यांसाठी होती. ती मी या निमित्ताने पहिल्यांदा नीट वाचली, आणि खोटं कशाला बोलू, कायद्याचं पुस्तक वाचून बरं वाटावं असं क्वचित होतं. बघा. परदेशी कंपनीने भारतात धंद्याची जागा केली की तीस दिवसांत कागद द्यायचे. कागदांचा एक संच दिल्लीच्या रजिस्ट्रारकडे, एक ज्या राज्यात मुख्य जागा आहे तिथल्या रजिस्ट्रारकडे. संचालक कोण, मूळ पत्ता कुठला, आणि भारतात राहणारा असा कोण, ज्याच्यावर नोटीस बजावली की ती कंपनीवर बजावली असं धरायचं. तेच जुनं २७७ कलम, जास्त दात असलेलं.

पण मला आवडली ती पाटीची अट. जिथे जिथे कंपनी धंदा करते, तिथे बाहेर, ठळक दिसेल अशी पाटी लावायची. पाटीवर कंपनीचं नाव आणि ती कुठल्या देशात जन्मली ते. इंग्रजी अक्षरांत, आणि त्या भागात चालणाऱ्या भाषेच्या अक्षरांतही. म्हणजे पालघर तालुक्यात एखाद्या अमेरिकी कंपनीने कचेरी थाटली, तर मराठी शाळेत चौथी झालेल्या माणसाला फाटकाबाहेर उभं राहून वाचता आलं पाहिजे की हे कोण आहेत आणि कुठून आलेत. मराठी पाट्यांवरून आपल्याकडे किती रणं झाली! हे कलम मात्र १९५६ पासून गुपचूप पुस्तकात बसलेलं.

आणि नोंदणी केलीच नाही तर? दंड आहे, पण खरी मेख ५९९ कलमात. नोंदणी न केलेल्या परदेशी कंपनीचा करार रद्द होत नाही. तिच्यावर दावा लावता येतो. मात्र त्या कराराबद्दल तिला स्वतःला कोर्टात जाता येत नाही, नोंदणी पुरी करेपर्यंत. दार एका बाजूनेच उघडतं, गावातल्या माणसाच्या बाजूने. दादांच्या भावाची समजूत होती की नोंदणी नाही म्हणजे धंदाच बेकायदा आणि सगळं संपलं. तसं झालं असतं तर नुकसान दादांचंच होतं, कारण बेकायदा कराराचे पैसे मागायला कोर्टात कसं जाणार? कायदा लिहिणाऱ्यांनी हा धोका ओळखला होता. आजच्या २०१३ च्या कायद्यातही ३९३ व्या कलमात हीच तरतूद आहे, आणि पाटीची अटही कायम आहे.

केंद्राच्या मागोमाग कारखाने आले. एमआयडीसी १९६२ ची, आणि तारापूरची वसाहत ही पुढे राज्यातल्या मोठ्या रासायनिक वसाहतींपैकी एक झाली. रसायनं, औषधं, रंग, कापड, पोलाद. आता इथल्या फाटकांवरच्या पाट्या वाचत हिंडा. भारतीय कंपनीलाही कायद्याने प्रत्येक धंद्याच्या जागेबाहेर नाव आणि नोंदणीकृत कार्यालयाचा पत्ता लावावा लागतो, तोही स्थानिक लिपीत. पत्ते बघाल तर अंधेरी, काळबादेवी, नरिमन पॉइंट, अहमदाबाद, वापी. कारखाना इथे, घर तिथे. इथे जन्मलेली, म्हणजे नोंदणीकृत कार्यालयच बोईसरला असलेली कंपनी शोधावी लागते.

मग राज्याच्या हातात काय उरलं? पुष्कळ. कारखान्याचा परवाना राज्याच्या खात्याकडून, पाणी-हवेची संमती महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून, व्यवसाय कर १९७५ च्या राज्याच्या कायद्याने. यातलं काहीही कंपनीचा जन्म कुठे झाला ते विचारत नाही. ते विचारतं प्लॉट नंबर. मांगेला समाजाची परिषद खाडीतल्या आणि समुद्रातल्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाकडे गेली, तेव्हा हिशेब प्लॉटवरच्या कारखान्यांचा झाला. नवापूर, दांडी, मुरबे इथल्या जाळ्यात मासा का येत नाही, याचं उत्तर काळबादेवीच्या पत्त्यावर मिळत नसतं.

आणि कर. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, नाक्यांवरच्या विक्रीकराच्या रांगा गेल्या, 'एक देश, एक कर' अशी घोषणा झाली. नोंदणी मात्र राज्यागणिक राहिली. पंधरा अक्षरांचा तो नंबर असतो ना, त्यातली पहिली दोन राज्याची. २७ महाराष्ट्र, २४ गुजरात, २६ दमण-सिल्वासाकडचा केंद्रशासित प्रदेश. पुढची दहा कंपनीच्या पॅनची. म्हणजे एकाच कंपनीचं बोईसरला गोदाम आणि वापीला कारखाना असेल, तर पॅन एक, नंबर दोन. आणि कायदा नुसते दोन नंबर देऊन थांबत नाही, तो त्या दोघांना 'भिन्न व्यक्ती' म्हणतो. वापीच्या कारखान्यातून बोईसरच्या आपल्याच गोदामात माल पाठवला तरी तो पुरवठा, त्यावर कर. घटनेने एक केलेला देह कराने पुन्हा दोन केला. १९१३ च्या रजिस्ट्रारला हे बघून बरं वाटलं असतं.

आता दादांच्या बिलाकडे.

मी त्यांना म्हटलं, कामाच्या ऑर्डरचा फोटो पाठवा, नावं झाकून. पाठवला. ऑर्डरवर कंपनीचा जीएसटी नंबर २४ ने सुरू होणारा. मग विचारलं, त्यांनी बिल अडवताना कारण काय दिलं? तेव्हा खरी गोष्ट बाहेर आली. कंपनीच्या अकाउंट्सचं म्हणणं, "तुम्ही महाराष्ट्राचा कर लावलाय, त्याचं क्रेडिट आम्हाला गुजरातेत मिळत नाही. आंतरराज्य कर लावून बिल पुन्हा द्या." दादांच्या सीएचं म्हणणं उलट. टाक्या आणि पाइप जमिनीला जखडलेले, काम स्थावर मालमत्तेचं, ती मालमत्ता तारापूरला, म्हणून पुरवठ्याची जागा महाराष्ट्र. कर महाराष्ट्राचाच लागणार. कंपनीने महाराष्ट्रात जीएसटीची नोंदणी घेतली असती, तर हा प्रश्नच उभा राहिला नसता.

म्हणजे भाऊ कॅनडातून बोलत होता ते अगदीच चूक नव्हतं. परप्रांतातल्या कंपनीची इथली नोंदणी नाही, आणि त्यामुळेच घोडं अडलं. फक्त त्याने सांगितलेली वही दुसरी होती.

राहिला दुसरा प्रश्न, पकडायचं कुठे. मी वकील नाही, हे आधी सांगतो आणि त्यांनाही वकिलाकडेच पाठवलं. पण दोन गोष्टी पुस्तकातून सांगण्यासारख्या. दिवाणी प्रक्रिया संहिता १९०८ ची. तिच्या विसाव्या कलमाने, दाव्याचं कारण जिथे पूर्णपणे किंवा अंशतः घडलं तिथल्या कोर्टात दावा लावता येतो. काम तारापूरला झालं, तेव्हा पालघरचं दार बंद नाही. आणि दुसरं, २००६ चा सूक्ष्म-लघु उद्योगांचा कायदा. नोंदणीकृत छोट्या पुरवठादाराचे पैसे फार तर ४५ दिवसांत द्यायचे, नाहीतर बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही महिन्याच्या महिन्याला चक्रवाढ. आणि तक्रार ऐकणारी परिषद कुठली? पुरवठादार जिथे असेल तिथली. खरेदीदार भारतात कुठेही असो. अठराव्या कलमात हे स्पष्ट लिहिलंय. दीडशे वर्षं जगभरचे कायदे परक्या कंपनीला म्हणत आले की आमच्या गावात एक पत्ता दे. या कायद्याने ती मागणीच सोडून दिली आणि गावातल्या माणसाचा पत्ता पुरे मानला.

दादांनी गाळ्याची उद्यम नोंदणी केली होती का, हे विचारताना माझ्या पोटात गोळा होता. केली होती, काम घेण्याच्या आधी. बायकोने हट्टाने करून घेतली म्हणे, बँकेच्या कर्जासाठी.

परवा त्यांचा आणखी एक फोटो आला. कारखान्याच्या आवारात त्या गुजरातच्या कंपनीचं साइट ऑफिस आहे, पत्र्याचं केबिन. दारावर पाटी, फक्त इंग्रजीत, फक्त नाव. पत्ता नाही. मराठी अक्षर नाही. खाली दादांनी लिहिलं होतं, "सर, हीच का ती पाटी?"

मी कळवलं की पत्ता पाटीवर नसला तरी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर नाव टाकलं की मिळतो. कंपनीच्या ओळख क्रमांकात जन्मराज्याची दोन अक्षरंही असतात, आपल्या कंपन्यांना एमएच, त्यांच्या जीजे. त्यांनी मुलीला बसवून तो शोधला. नोटीस गेल्या सोमवारी बोईसरच्या पोस्टातून रजिस्टरने गेलीय. पोच अजून आलेली नाही.